गेड घरी येतो तेव्हा

शेतावरच्या घरात जेवणं आटोपली आहेत. गलबतावरची नोकरी संपवून घरी परतलेला तरुण मुलगा उष्टं ताट जागच्या जागी ठेवून उठतो. आई त्याला ते विसळून ठेवायला सांगते, तर हे बायकांचं काम आहे असं म्हणून तो मोकळा होतो. त्याच घरात पन्नाशीच्या आसपासचा आणखी एक पुरुष राहतो. त्याला भांडी विसळण्यात काही कमीपणा वाटत नाही. हा माणूस काही महिन्यांपूर्वीपर्यंत साऱ्या बेटांचा महामांत्रिक होता. तो वाऱ्याला वळवत असे, मोठमोठे ड्रॅगन त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलत. आता त्याच्यात मेणबत्ती पेटवण्याइतकीही जादू उरलेली नाही. अर्सुला ल ग्विन यांच्या ‘तेहानू’ या १९९० साली आलेल्या कादंबरीतला हा प्रसंग तसा लहानसाच आहे, पण तिच्या वाचकांचा जो हिरमोड झाला तो सगळा त्यात मावतो. ज्या हातात जादूची काठी पुन्हा पाहायची म्हणून लोक १८ वर्षं थांबले होते, त्या हातात लेखिकेने खरकटी भांडी दिली. एवढ्या लाडक्या कथेचा पुढचा भाग असा का लिहावा, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र चौथ्या पुस्तकापेक्षा आधीच्या तीन पुस्तकांतच जास्त सापडतं, असं माझं म्हणणं आहे.

ती तीन पुस्तकं कशी होती ते थोडक्यात सांगायला हवं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने ल ग्विन यांना मोठ्या मुलांसाठी काही लिहा असं सुचवलं आणि १९६८ मध्ये ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आलं. अफाट समुद्र आणि त्यात विखुरलेली बेटं. तिथे दगडापासून माणसापर्यंत प्रत्येकाला एक खरं नाव असतं आणि ज्याला ते कळतं त्याची त्यावर सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव जिवाच्या पलीकडे जपतात, अगदी जवळच्यालाच सांगतात. गाँट बेटावर शेळ्या राखणारा, तांबूस सावळ्या कातडीचा एक पोरगा रोक बेटावरच्या मांत्रिकांच्या शाळेत जातो, अहंकाराच्या भरात एका मृत व्यक्तीला हाक मारतो आणि त्या फटीतून एक सावली जगात मोकळी सुटते. तोच गेड. पुढे जगाच्या कडेपर्यंत पाठलाग करून तो त्या सावलीला जे नाव देतो ते त्याचं स्वतःचंच असतं. १९७१ च्या ‘द टूम्स ऑफ अतुआन’मध्ये अंधाऱ्या भुयारांची पुजारीण असलेली टेनार त्याला भेटते आणि दोघं एकमेकांना त्या अंधारातून बाहेर काढतात. १९७२ च्या ‘द फार्देस्ट शोअर’मध्ये मृतांच्या कोरड्या प्रदेशातलं उघडं पडलेलं दार मिटवताना गेड आपली सगळी शक्ती खर्चून टाकतो. या पुस्तकाला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. तिन्ही पुस्तकांत एक कायदा कधी मोडत नाही: केलेल्या प्रत्येक गोष्टीची किंमत करणाऱ्याने भरायची असते. गेडच्या चेहऱ्यावरचे वण त्याची पहिली पावती आहेत.

अशी कथा संपली की वाचक ती मनात पुढे चालवत राहतो. हे चालवणं लेखकाला विचारून होत नाही. त्यामुळे लेखक अनेक वर्षांनी परत येतो तेव्हा त्याच्या जागेवर वाचकाने केव्हाच आपलं बस्तान मांडलेलं असतं. यातून वाट काढण्याचे लेखकांचे प्रकार निरनिराळे आहेत. टॉल्किन यांचंच पाहा. १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये गॉलम कोड्यांच्या पैजेवर आपली अंगठी खुशाल बक्षीस म्हणून लावतो आणि पैज हरल्यावर बिल्बोला सभ्यपणे बाहेरची वाट दाखवतो. पुढच्या महाकथेत तीच अंगठी साऱ्या जगाचा घास घेणारी ठरल्यावर हे जुळेना. मग टॉल्किन यांनी १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरणच नव्याने लिहिलं आणि आधीचा मजकूर म्हणजे बिल्बोने मारलेली थाप होती असा खुलासा करून टाकला. आपली अडचण निस्तरायला पात्राला खोटारडं ठरवण्याचा असा साळसूद प्रकार दुसरा शोधूनही सापडायचा नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पुढची कथाही त्यांनी सुरू केली होती. अंधाराचा अधिपती पडल्यावर शंभरेक वर्षांनी सुखाला कंटाळलेली माणसं काय करतात, अशी ती होती. थोडी पानं लिहून त्यांनी ती सोडून दिली, कारण तिच्यात त्यांना काही दम वाटेना, आणि ती उदास होत चालली होती. म्हणजे एकदा त्यांनी जुनं पुस्तक बदललं आणि एकदा नवं सोडून दिलं. ल ग्विन यांनी यातलं काहीच केलं नाही. जुन्या पुस्तकांना हात न लावता त्या दुसऱ्याच खुर्चीवर जाऊन बसल्या आणि तिथून जे दिसलं ते लिहू लागल्या.

ती खुर्ची टेनारची. ‘तेहानू’ उघडतं तेव्हा टेनार गाँटवर एका शेतकऱ्याची विधवा आहे, तिची मुलं मोठी झाली आहेत, गावात तिला वेगळ्याच नावाने हाक मारतात. भटक्या माणसांनी अत्याचार करून आगीत टाकलेली थेरू नावाची पोर तिने घरी आणली आहे. त्या मुलीचा अर्धा चेहरा आणि एक हात जळून गेला आहे. गेडचा जुना गुरू ओगिअन मरतो आणि मग ड्रॅगनच्या पाठीवरून जवळजवळ निष्प्राण अवस्थेत गेड येतो. यापुढे वाचकाला सागरप्रवास, द्वंद्वं, मंत्र हवे असतात. त्याला मिळतं ते एका हरलेल्या माणसाचं आजारपण, त्याची लाज, राजाचे दूत शोधत आले की डोंगरात पळून जाणं, शेळ्या, कपडे धुणं, मुलीच्या जखमांना तेल लावणं. यावर चिडणारे वाचक उथळ होते असं म्हणण्याची सोय नाही, कारण जादूच्या कथेत जादू मागणं हा काही गुन्हा नव्हे. उलट, पुस्तक वाईट लिहिलेलं आहे असंही म्हणता येत नाही. त्या वर्षीच्या सर्वोत्तम कादंबरीचा नेब्युला पुरस्कार त्यालाच मिळाला आणि वाक्यांची ठेवण पाहिली तर ते पहिल्या तिन्हींच्या तोडीचं आहे. निराशा होते ती पुस्तक चांगलं असूनही, आणि म्हणूनच तिच्याकडे नीट पाहायला हवं.

सर्वांत मोठी तक्रार अशी की लेखिकेने आपणच उभारलेलं जग मोडलं, त्यात नसलेली भेग पाडली. ही तक्रार तपासायला पहिल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण पुरे. तिथे गेडला जादूचे पहिले शब्द कोण शिकवतं? त्याची मावशी. त्याची आई तो वर्षाचा व्हायच्या आत वारली, बाप लोहारकामात गढलेला, आणि ही गावातली चेटकीण त्याला शेळ्यांना आणि बहिरी ससाण्यांना बोलवायचे शब्द देते. सगळ्या बेटांत ज्याच्या पराक्रमाची गाणी होणार त्या मांत्रिकाची ही पहिली गुरू, पण लेखिकेने तिला नावदेखील दिलेलं नाही. जिथे नाव म्हणजेच अस्तित्व, त्या जगात हिला नाव नाही! त्याच पानांवर गाँटमधल्या दोन म्हणी येतात. एकीत बायकांची जादू लेचीपेची ठरते आणि दुसरीत दुष्ट. मावशी दोन-तीन वेळा डोकावते आणि मग पुस्तक तिला विसरतं, आपणही विसरतो. रोकच्या शाळेत एकही मुलगी नाही, नऊ गुरूंमध्ये एकही बाई नाही, आणि हे कुणाला खटकत नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस टेनार हॅव्हनॉर शहराच्या पांढऱ्या रस्त्यांवरून गेडचा हात धरून चालते आणि तिला गाँटला ओगिअनकडे नेऊन पोचवायचं ठरलेलं असतं. पुढे तिचं काय झालं? तिसऱ्या पुस्तकाला याची काही चौकशी करावीशी वाटत नाही. भेग १९९० मध्ये पडली नाही. ती पहिल्यापासून होती. आपण गेडच्या खांद्यावर बसून जग पाहत होतो आणि तिथून ती दिसत नव्हती. लेखिकेलाही ती पूर्ण दिसली नव्हती. वीरकथेची पुरुषांनी घडवलेली चाकोरी आपण तेव्हा न तपासता उचलली होती, अशी चिकित्सा ल ग्विन यांनी १९९२ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात स्वतःच केली.

यावर सरळ उत्तर येतं: ठीक आहे, टेनारची कथा सांगा, पण त्यासाठी गेडला कशाला खाली ओढायचं? इथेही कागदपत्रं आपल्या विरुद्ध आहेत. गेडची शक्ती चौथ्या पुस्तकाने काढून घेतलेली नाही. ती तिसऱ्यात संपली, वाचकाच्या डोळ्यांदेखत, आणि तेव्हा सगळ्यांनी त्याला त्याग म्हणून हात जोडले. त्या पुस्तकाच्या अखेरीस लेखिकेने दोन कथा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकीत गेड नव्या राजाच्या राज्याभिषेकानंतर आपल्या होडीत बसतो आणि वारा-वल्ह्याशिवाय ती होडी पश्चिमेला नाहीशी होते. दुसरी गाँटच्या लोकांची: तो एकटाच पायी डोंगरातल्या जंगलात निघून गेला. वाचकांनी पहिली उराशी धरली. ‘तेहानू’ने दुसरीचा माग घेतला. खरी ठिणगी इथे पडते असं मला वाटतं. आपल्याला शक्तिहीन वीर चालतो, फक्त तो लवकर निघून जायला हवा. मौसलपर्वातला अर्जुन आठवा. द्वारका बुडाल्यावर यादवांच्या स्त्रियांना घेऊन तो निघतो, वाटेत आभीर लुटारू तुटून पडतात, गांडीवाला दोरी चढवताना त्याची दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत, अक्षय भाते रिकामे होतात. महाभारतात याहून करुण प्रसंग थोडे असतील. पण व्यास त्याला तिथे फार काळ ठेवत नाहीत. तुमचं काम संपलं, आता निघा, असं सांगतात आणि लगोलग महाप्रस्थान सुरू होतं. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने मराठी वाचकाला या ओसरत्या उजेडाची चांगली ओळख करून दिली आहे. आता कल्पना करा की हिमालयाकडे न जाता अर्जुन हस्तिनापुराबाहेर एका खोपटात राहिला आहे, त्याला सकाळी भूक लागते, कुणी ओळखेल म्हणून तो रस्त्यावर मान खाली घालतो, आणि त्याला अजून वीस-पंचवीस वर्षं जगायचं आहे. ल ग्विन यांनी गेडला हे करायला लावलं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या फ्रोडोला टॉल्किन यांनी जहाजात बसवून पलीकडे धाडलं. गेडला तशी सुटका मिळाली नाही. मरण आणि पराभव यांच्यासाठी वीरकथेजवळ भरपूर शब्द आहेत. निवृत्तीसाठी तिच्याजवळ जवळजवळ काहीच नाही, आणि ‘तेहानू’ बरंचसं त्या मोकळ्या जागेत लिहिलेलं आहे.

दुसरी हरकत मुलांच्या नावाने घेतली जाते. जळालेली, अत्याचार झालेली पोर हा काय किशोरांच्या पुस्तकाचा विषय आहे? ही काळजी खोटी नाही. बारा वर्षांच्या मुलाला ‘तेहानू’ देताना मीही विचार करीन. पण मग दुसरं पुस्तक देतानाही करायला हवा. ‘अतुआन’मध्ये कोवळ्या वयाची पुजारीण टेनार तीन कैद्यांना कसं मारायचं ते ठरवते: काळोखात, अन्नपाण्यावाचून. मग तिला रात्री भयाण स्वप्नं पडतात आणि गिळलेलं अन्न पोटात राहत नाही. ते वाचताना कुणी तक्रार केल्याचं फारसं ऐकिवात नाही. तिथे देवळं होती, थडगी होती, परका धर्म होता, त्यामुळे क्रौर्य दूरचं वाटलं. थेरूच्या बाबतीत ते नदीकाठी, रस्त्यालगत, साध्या माणसांच्या हातून घडतं. ते फार जवळचं असल्यामुळे सोसत नाही.

तिसरी हरकत अधिक वजनदार आहे. पुस्तकात मतप्रचार आहे, माणसं मधेच थांबून पुरुषांची शक्ती आणि बायकांची शक्ती यांवर चर्चा करतात, असं म्हणतात. करतात खरी. गेड आणि टेनार यांची काही संभाषणं वाचताना मागे लेखिका खुर्ची सरसावून बसल्यासारखी वाटते. मात्र पुस्तक एका बाजूचा ढोल बडवत नाही. गावातली चेटकीण मॉस मावशी बाईच्या शक्तीबद्दल मोठं झुलवणारं भाषण करते, तिची मुळं काळोखात कुठवर गेली आहेत ते कुणाला माहीत, वगैरे. ऐकताना भुरळ पडावी असंच ते आहे. टेनार त्याला बळी पडत नाही, कारण काळोख म्हणजे काय ते तिने तिथे राहून पाहिलेलं आहे आणि त्याची आरती ओवाळण्यात तिला रस नाही. आणि जिथे लेखिका चर्चा बाजूला ठेवून प्रसंग रचते तिथे तिची बोच अचूक लागते. नवा महामांत्रिक निवडायला जमलेल्या रोकच्या गुरूंना फक्त एवढाच संकेत मिळतो की गाँटवर एक बाई आहे. वाऱ्याचा गुरू त्याचा शोध घेत थेट टेनारपर्यंत पोचतो आणि त्या बाईच्या मदतीने आपल्याला योग्य पुरुष सापडेल असं गृहीत धरून बोलत राहतो. समोरची बाई काय बोलते ते त्याच्या कानावर पडतं, आत जात नाही. विद्वान माणूस आहे, वाईट नाही. या प्रसंगापुढे प्रचाराची हरकत बरीच फिकी पडते.

तरीही हिरमुसलेल्या वाचकाला मी सगळ्याच बाबतींत चूक ठरवणार नाही, कारण एका ठिकाणी तो बरोबर आहे, आणि ते ठिकाण महत्त्वाचं आहे. पुस्तकाचा शेवट. अ‍ॅस्पेन नावाचा मांत्रिक टेनार आणि गेडला मंत्राने बांधतो, टेनारला कुत्र्यासारखं रांगवतो आणि दोघांना कड्याच्या टोकाकडे नेतो. थेरू ड्रॅगनला हाक मारते, कलेसिन नावाचा तो ड्रॅगन येतो, अ‍ॅस्पेन आणि त्याची माणसं जळून राख होतात. मग ड्रॅगन मुलीला तिच्या खऱ्या नावाने, तेहानू म्हणून, हाक मारतो. मुलीचं रहस्य सुंदर आहे आणि त्याची तयारी पहिल्या पानांपासून केलेली आहे. पण अ‍ॅस्पेनचा बंदोबस्त इतक्या स्वस्तात होतो की आधीची तीन पुस्तकं वाचलेला माणूस चमकतो. कुणाला काय द्यावं लागलं? मुलीने जळून किंमत आधीच भरली होती असं कुणी म्हणेल. ते पटत नाही. तिच्यावर लादलेलं दुःख आणि स्वतःहून भरलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक तर अर्थसीनेच आपल्याला शिकवला. दुसरं असं की आधीच्या तिन्ही पुस्तकांत दुष्टपणाची वाट आतून जात होती. सावलीला गेडचंच नाव होतं, टेनार स्वतः त्या थडग्यांची सेवक होती, तिसऱ्यातल्या खलनायकाची मरणाची भीती कुणाही माणसाची असू शकते. अ‍ॅस्पेनच्या आत मात्र द्वेषाशिवाय काहीच नाही, आणि तो टेनारचा किंवा गेडचा कुणी लागत नाही. लेखिकेजवळ याहून कितीतरी चांगला खलपुरुष होता: उष्टं ताट सोडून उठणारा टेनारचा स्वतःचा मुलगा. तो कुणाला मारत नाही, शिवी देत नाही. रिवाजाप्रमाणे शेत त्याचं आहे, म्हणून तो येतो आणि आई त्या घरात पाहुणी होते. उष्ट्या ताटात जेवढी भीती आहे तेवढी अ‍ॅस्पेनच्या सगळ्या मंत्रांत नाही. शेवटच्या काही पानांत पुस्तक आपल्या उत्तम शोधाकडे पाठ फिरवून जुन्याच पद्धतीच्या चकमकीकडे वळलं. ज्या वाचकांना जादू हवी होती त्यांना ती इथे मिळाली, आणि नेमकी इथेच ती खोटी वाटते.

ल ग्विन यांनाही ते संपलं असं पुढे वाटलं नसावं. ‘तेहानू’ला त्यांनी अर्थसीचं शेवटचं पुस्तक असं उपशीर्षक दिलं होतं. २००१ मध्ये कथासंग्रह आणि ‘द अदर विंड’ ही आणखी एक कादंबरी आली, आणि संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्या उपशीर्षकाबद्दल स्वतःलाच खुळी म्हणून घेतलं. त्या अखेरच्या कादंबरीत मृतांच्या प्रदेशाची भिंतच पाडली जाते, म्हणजे गेडने ज्याच्यासाठी सर्वस्व दिलं त्या व्यवस्थेचीही फेरतपासणी होते. २०१८ च्या जानेवारीत त्या गेल्या आणि त्याच वर्षी चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह सगळी अर्थसी एकाच जाडजूड खंडात निघाली. देखणा खंड आहे. त्यात एक गैरसोय आहे, ती म्हणजे तिसऱ्या पुस्तकाचं शेवटचं पान उलटलं की लगेच चौथं सुरू होतं. ड्रॅगनच्या पाठीवरून निघालेला गेड दुसऱ्या मिनिटाला आजारी माणूस होऊन उतरतो, आणि वाचकाला फसवल्यासारखं होतं. पहिल्या वाचकांना निदान १८ वर्षं मिळाली होती. तेवढ्यात काहींना मुलं झाली असतील, काहींच्या नोकऱ्या संपल्या असतील. तुम्ही इतकं थांबू नका. पण तिसरं संपल्यावर खंड मिटून ठेवा, मधे थोडी वर्षं जाऊ द्या. आणि ‘तेहानू’ उघडायच्या आधी पहिल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण पुन्हा एकदा वाचा, या वेळी त्या बिननावाच्या मावशीसाठी.